मदत हवी आहे: जुन्या बिजागऱ्यांचा गंज थांबवायचाय, पण घालवायचा नाही

नमस्कार मंडळी. जुन्या नाशकात आमच्या गल्लीतला एक वाडा पाडला. राडारोडा उचलण्याआधी मालकांना विचारून मी पिशवीभर वस्तू आणल्या: कडी-कोयंडे, बिजागऱ्या, एक पितळी कडी आणि सागवानी फळीचा हातभर तुकडा. सासूबाई म्हणाल्या, "भंगारवाला घरातच आला म्हणायचा!"

पण एक बिजागरी खरंच बघण्यासारखी आहे. एका पाखावर निळ्या रंगाचे पापुद्रे, त्याखाली हिरवा, त्याखाली गेरूसारखा गंज. किती दिवाळ्यांची रंगरंगोटी असेल ती! पितळी कडीवर हिरवट कळंक चढलाय, फक्त हात लागायचा तेवढी जागा गुळगुळीत. चिंच लावून घासायला जीवच होत नाही.

पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं होतं. माझी झेप तेवढी नाही. फळीवर हे सगळं मांडून भिंतीवर लावायचंय, बस.

अडचण अशी की पावसाळ्यात गंज वाढतोय, पापुद्रे सुटतायत. जवसाचं तेल पातळ चोळावं की मेण? चकचकीत वार्निश नको, सगळी मजा जाईल. आणि जड बिजागरी फळीला नवीन भोक न पाडता कशी बसवू? जुन्या भोकांत स्क्रू धरत नाहीत, लाकूड भुसभुशीत झालंय.

कुणी स्वतः केलं असेल तर फोटोसकट सांगा. तांबट गल्लीकडे असं नाजूक काम करणारं कुणी माहीत असेल तर तेही कळवा.