टोलेडो बेंडवर बुडालेल्या खोडांमधून बोट कशी न्यावी?

ह्यूस्टनकर: पुण्याहून भाऊ येतोय, त्याला टोलेडो बेंडला, टेक्सास-लुइझियाना सीमेवरच्या तलावात, बास मासे पकडायला नेणार आहे. बोट १७ फुटी, ॲल्युमिनियमची. पाण्याखाली खोडं फार, असं ऐकलंय. काय सांभाळू?

सबीनकाठचा: आधी पातळी बघा. तलाव भरला की पाणी समुद्रसपाटीपासून १७२ फुटांवर. दोन-तीन फूट उतरला, की ज्यांच्यावरून बोट सहज जायची तीच खोडं मोटरच्या पंख्याला लागतात. उभी झाडं दिसतात तरी. पाण्याच्या वीतभर खाली दडलेले बुंधे खरा घात करतात. वेगात जायचं ते फक्त बॉय म्हणजे तरंगत्या खुणा लावलेल्या मार्गातून. तो सोडला की अगदी हळू, मोटर जरा वर उचलून. जीपीएसवर येतानाची रेषा उमटते, तिच्यावरूनच परता. तरंगते ओंडके मात्र कुठल्याच नकाशात नसतात, म्हणून अंधाराआधी किनारा गाठा.

मीना_डॅलस: किल स्विचची, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी, दोरी अंगाला अडकवाच! २६ फुटांखालच्या बोटींना वेगात असताना २०२१पासून कायद्यानेही ती लागते. धक्क्याने चालवणारा पाण्यात पडला आणि इंजिन चालूच राहिलं, तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

ह्यूस्टनकर: भावाला पोहता येत नाही. आणि बोट खोडावर चढलीच तर?

सबीनकाठचा: मग जॅकेट घालूनच बसवा त्याला. अडकलात तर रेस देऊ नका. इंजिन बंद, मोटर वर, वजन मोकळ्या बाजूला सरकवा आणि वल्ह्याने ढकला.