‘ब्राउन फॅट’: तपकिरी मेद की चरबी?

दसरा_चौक: पेट-सीटीच्या (साखरेसारखं किरणोत्सर्गी औषध टोचून कॅन्सर शोधायच्या स्कॅनच्या) पेशंटांसाठी मराठी माहितीपत्रक लिहायचंय, वाचणारे कोल्हापूर-कागल-गडहिंग्लजकडचे. रिपोर्टात ‘ब्राउन फॅटमध्ये अपटेक’ असं येतं, म्हणजे ती साखर तिथं ओढली गेली. ‘तपकिरी चरबी’ चालेल? की सरळ ‘चांगली चरबी’?

मेदधातू: ‘तपकिरी मेद’ लिहा. आपल्याकडं चरबी एक तर मटणातली, नाहीतर ‘लय चरबी आलीया’ मधली. त्यात ‘चरबीची गाठ’ लोकांच्या तोंडी आहेच. कॅन्सरच्या तपासणीत ‘तपकिरी चरबी’ वाचलं की माणूस गाठच धरून चालणार. ‘वसा’ नको, आयुर्वेदात ती मांसातला स्नेह, मेदाहून वेगळी. रंग मात्र तपकिरीच. या पेशींत मायटोकॉन्ड्रिया (पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या) खच्चून भरलेले असतात, त्यांतल्या लोहामुळं तो येतो. पांढरा मेद ऊर्जा साठवतो, हा यूसीपी1 प्रथिनाच्या जोरावर ती जाळून ऊब देतो. (‘तांबडा’ लिहू नका. तांबडा-पांढरा म्हटलं की इथं रस्साच.)

पंचगंगा_घाट: ‘चांगली’ तर अजिबात नको. 2022 मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी उंदीर 4 अंशांत ठेवले. तपकिरी मेदानं रक्तातली साखर ओढली, कॅन्सरच्या गाठींची वाढ मंदावली. साखरेचं पाणी पाजल्यावर तो फायदा गेला. कॅन्सरचा माणूस त्यात एकच होता. तेवढ्यावर पेशंटला गार पाण्यानं अंघोळ करा म्हणायचं का? उलट काही गाठींच्या स्रावांनी पांढरा मेद तपकिरीकडं झुकतो आणि शरीर विनाकारण जळत राहून वजन उतरतं, हेही उंदरांत दिसलंय.

दसरा_चौक: मग त्या वजन कमी होण्याला शब्द काय?

मेदधातू: ‘खंगणे’. नुसतं ‘वजन कमी होणे’ लिहिलं तर लोक खूश होतात! ‘घटवणे’ आणि ‘घटणे’ यांतला फरक पाळा. लठ्ठ माणसानं वजन घटवावं, कारण जादा मेदाचा संबंध 13 प्रकारच्या कॅन्सरशी आहे (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आयएआरसी, 2016): मोठं आतडं, गर्भाशयाचं अस्तर, पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा वगैरे. उपचार चालू असताना वजन आपोआप घटतंय, तर ते डॉक्टरांना लगेच सांगायचं. एका क्रियापदात दोन्ही कोंबू नका.

पेटवाला: पत्रकात खरं महत्त्वाचं ऊब. थंडी वाजली की गळ्याच्या हाडामागं आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंना हा मेद जागा होतो, इंजेक्शनमधली साखर खेचतो आणि कॅन्सर पोचलेल्या लसीकागाठीसारखा (लिम्फ नोडसारखा) चमकतो. सीटीवर त्या जागी हाउन्सफील्ड आकडा (ऊतक किती दाट ते सांगणारा, पाण्याचा शून्य) वजा आला तर मेद. पण गाठ त्यातच दडली असेल तर उकल अवघड. म्हणून असं लिहा: ‘6 तास उपाशी, फक्त साधं पाणी. घरातून निघतानाच अंगभर गरम कपडे, धातूची चेन नसलेले. इंजेक्शनआधी अर्धा-एक तास आणि नंतरचा तासभर पांघरूण घेऊन बसा. एसी गार लागला तर सांगा.’ काहींना प्रोप्रॅनोलॉल (हृदयाचे ठोके मंदावणारी, या मेदालाही शांत करणारी गोळी) देतात, पण ते डॉक्टर ठरवतील. दम्याच्या माणसाला ते चालत नाही, पत्रकात गोळीचं नाव नकोच.

दसरा_चौक: ‘अपटेक’ला ‘शोषण’?

पंचगंगा_घाट: नको भावा, ते मोर्चाच्या फलकावरचं वाटतं. ‘इथं साखर जास्त ओढली गेली’ एवढं पुरे.

मेदधातू: ‘ग्रहण’ही नको. गरोदर बाया आधीच त्या शब्दाला भितात.