अंबाबाईच्या हातात कमळ का नाही?

प्रश्न (पेठकर):
करवीरनिवासिनी, म्हणजे कोल्हापूरच्या अंबाबाईला आपण महालक्ष्मीही म्हणतो आणि लक्ष्मी म्हटली की कमळ व दोन्ही बाजूंचे हत्ती डोळ्यांसमोर येतात. मूर्तीत मात्र यांपैकी काहीच नाही. चार हातांत म्हाळुंग (लिंबाच्या जातीचे मोठे फळ), गदा, ढाल व पानपात्र (पिण्याचे पात्र) असून मागे सिंह उभा आहे. साडी आणि अलंकारांमुळे एरवी मुखाखेरीज फारसे काही दिसत नाही, त्यामुळे हा प्रश्न सहसा निघत नसावा. जाणकारांनी या आयुधांचा अर्थ सांगावा, ही विनंती.

उत्तर १ (मूर्तिअभ्यासक):
याचा आधार दुर्गासप्तशती या देवीमाहात्म्याच्या ग्रंथाला जोडलेल्या ‘प्राधानिक रहस्य’ या प्रकरणात मिळतो: ‘मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती’, म्हणजे म्हाळुंग, गदा, ढाल व पानपात्र धारण करणारी. उजव्या खालच्या हातापासून प्रदक्षिणेच्या क्रमाने पाहिले, तर मूर्तीतही वस्तू याच क्रमाने येतात. तेथील महालक्ष्मी ही त्रिगुणात्मक आद्यशक्ती असून विष्णूला दिलेली कमळधारिणी श्री तिच्यापासूनच निर्माण होते. त्यामुळे कमळ नसणे ही उणीव नव्हे. सांप्रदायिक अर्थाप्रमाणे म्हाळुंग कर्मराशी, गदा क्रियाशक्ती, ढाल ज्ञानशक्ती आणि पानपात्र तुरीय वृत्ती (जागृती, स्वप्न व सुषुप्ती यांपलीकडची चौथी अवस्था) सुचवते.

उत्तर २ (उत्तरेश्वरचा):
आधार मान्य आहे, परंतु ‘क्रियाशक्ती’ वगैरे अर्थ ग्रंथ वाचणाऱ्यांचे झाले. सामान्य भाविकाच्या लेखी ही कोल्हासुराला मारणाऱ्या देवीची गदा आहे, आणि नवरात्रातल्या ललितापंचमीला कोल्हापुरातील त्र्यंबोली देवीच्या टेकडीवर कोहळा फोडला जातो तेव्हा त्यात राक्षसाचे शिर पाहायला कोणाला ग्रंथावरचे भाष्य वाचावे लागत नाही. माझ्या मते मूर्तीचा अर्थ अशा विधींतूनच अधिक टिकतो.

पेठकर:
दोघांचेही आभार. मग दरवर्षी नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो, त्याची संगती कशी लावायची?

उत्तर ३ (मूर्तिअभ्यासक):
भृगू ऋषीने केलेल्या अपमानाने रुसून वैकुंठ सोडलेली लक्ष्मी करवीरात आली, या कथेशी तो मान जोडला जातो. ती कथा वैष्णव आहे, आणि शालू अर्पण करणाऱ्यांच्या श्रद्धेपुरती खरीच आहे; मूर्तीचे लक्षण मात्र तिच्यावरून ठरवता येणार नाही. प्राधानिक रहस्यातल्या त्याच श्लोकात पुढे देवीच्या मस्तकावर नाग, लिंग आणि योनी सांगितली आहेत. त्यांचा अर्थ अनुक्रमे काळ, पुरुष आणि प्रकृती असा लावतात, आणि ही तिन्ही जिने मस्तकावर धारण केली आहेत तिला केवळ विष्णुपत्नी म्हणणे निदान शिल्पाच्या साक्षीने तरी कठीण आहे.