पोट भरेल पण वजन वाढणार नाही असं घरचं काय खाता तुम्ही?

मृणाल_मानेवाडा
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतरपासून वजन कमी करायचं म्हणून खाणं कमी करून राहिली आहे. डब्यात दोन पोळ्या आणि वाटीभर भाजी, रात्री एक पोळी, भात पूर्ण बंद. वजन थोडं उतरलं पण भूक काही केल्या जात नाही. ऑफिस सिव्हिल लाइन्सला आहे, पाच वाजले की डोकं दुखायला लागते, चिडचिड होते आणि मग खालच्या टपरीवर आलूबोंडा नाहीतर तर्री पोहे (चण्याचा झणझणीत रस्सा घातलेले), दिवसभर जे वाचवलं ते तिथेच भरून निघते. नुसत्या सॅलडवर राहणं माझ्याच्यानं होत नाही. घरात सासूबाई, नवरा, दोन पोट्टे, सगळ्यांचा एकच स्वयंपाक, त्यामुळे ओट्स ब्रोकोलीवाला प्लॅन नको. आपल्या घरी जे शिजते त्यातच काय बदलता येईल? शाकाहारी आहे, अंडी चालतात.

गोकुळपेठची_काकू
मृणाल, आधी ते अर्धपोटी राहणं सोड बाई. ताट भरलेलंच ठेव, फक्त ताटात कशाची जागा किती ते बदल. हिशोब साधा आहे, एक ग्राम तेलात ९ कॅलरी, एक ग्राम स्टार्च, साखर किंवा प्रोटीनमध्ये ४ आणि पाण्यात शून्य. म्हणजे ज्यात पाणी आणि फायबर जास्त ते पोटात जागा खाते पण कॅलरी कमी देते. १०० ग्राम काकडी किंवा लवकी (दुधी) म्हणजे १५ च्या आसपास कॅलरी, आणि १०० ग्राम शेंगदाणे साडेपाचशेच्या वर. तुझ्या डब्यात भाजी वाटीभर आहे ना, तिथे दोन अडीच वाट्या घे. ढेमसे, दोडके, लवकी, कोहळं, पानकोबी, पालक, अंबाडी, काही ना काही बाजारात असतेच.

पण भाजी वाढवली की तेलही वाढते, तिथे लक्ष ठेव, १५ मिलीचा एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. मी बरणीतून थेट कढईत तेल ओतूच देत नाही कोणाला. चार माणसांच्या भाजीला दोन छोटे चमचे, मोहरी तडतडली की लसूण, हिरवी मिरची, हळद, मग भाजी आणि मीठ, वर ताटली झाकायची आणि ताटलीत पाणी ओतायचं. ते पाणी तापलं की खाली वाफ धरते, भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते, बुडाला लागत नाही. कोरडी वाटलीच तर ताटलीतलं तेच गरम पाणी आत सोडायचं. शेवटी सांभार (कोथिंबीर) भरपूर. घरात कोणालाच वेगळा स्वयंपाक वाटणार नाही बघ.

अंबाझरी_रनर
काकूंशी सहमत, फक्त भात आणि आलू काहून बंद करता ताई? १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात ३८ पदार्थ तपासले होते, प्रत्येकाचा २४० कॅलरीचा वाटा खायला द्यायचा आणि पुढचे दोन तास भूक किती राहते ते लिहून घ्यायचं. सगळ्यात वर काय आलं तर उकडलेला आलू, पांढऱ्या ब्रेडच्या तिपटीहून जास्त पोट भरणारा. सगळ्यात खाली क्रोइसाँ, म्हणजे बटरवाला पापुद्र्यांचा पाव. उकडलेला आलू १०० ग्रामला ८७ च्या आसपास कॅलरी, त्याचेच चिप्स केले की पाचशेच्या वर, कारण पाणी उडून गेलं आणि तेल आत शिरलं. दोष आलूचा नाही, कढईचा आहे. उकडून, वर काळं मीठ, लिंबू, कांदा टाकून खा, संध्याकाळपर्यंत आधार राहतो.

दुसरं, वरण पातळ करा. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांच्या टीमचा १९९९ चा प्रयोग आहे, तेच जिन्नस, तेवढंच पाणी, एकदा कोरडा पदार्थ आणि सोबत ग्लासभर पाणी, एकदा तेच पाणी आत घालून सूप. सूप घेतलेल्या बायकांनी पुढच्या जेवणात कमी खाल्लं. नुसतं वरून पाणी प्यायल्याने तसं झालं नाही. आपल्याकडे पातळ वरण, टमाट्याचं सार, ताकाची कढी आहेच, जेवणाच्या सुरुवातीला मोठी वाटी प्यायची आणि मग भाकरीकडे वळायचं.

सक्करदरा_किचन
तर्री पोह्यांवर बोलते, कारण तो प्रश्न नागपूरच्या माणसाला सुटत नाही 🙂 तर्रीमध्ये चांगली गोष्ट चणे आहेत. १०० ग्राम शिजलेल्या चण्यात १६० च्या आसपास कॅलरी, ८-९ ग्राम प्रोटीन आणि फायबरही भरपूर, त्यामुळे ते लवकर जिरत नाहीत. वजन वाढवते ते वर तरंगणारं लाल तेल. घरी करताना कांदा तेलात तळू नका, थेट गॅसवर सालासकट भाजा, सोलून वाटा, खडा मसाला कोरडा भाजा, सुकं खोबरं अगदी थोडं (त्यातही तेलच असते), रस्सा दाट करायला थोडे शिजलेले चणेच वाटून घाला. झणझणीतपणा मसाल्यातून येतो, तेलातून नाही. पोहे नेहमीच्या अर्धे घ्या आणि उरलेल्या जागेत मटार, पानकोबी, गाजर. सकाळी हे एकदा पोटभर खाल्लं की पाचला टपरी आठवत नाही.

मृणाल_मानेवाडा
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, काकू ताटलीवालं आजच करून बघते. पाच वाजताचं काय करू? सोबतच्या मुली संत्र्याचा ज्यूस मागवतात तो चालेल का? आणि एक अडचण, रविवारी आमच्याकडे सावजी पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) होतोच, तो मी नाही म्हटला तर सासूबाईंना वाईट वाटते.

आहारवाली_धंतोली
मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. ज्यूसऐवजी अख्खी संत्री खा मृणालताई. एका ग्लासात तीन चार संत्री जातात आणि फायबर चोथ्यात राहून जाते, दोन मिनिटांत पिऊन होते, पोटाला कळतसुद्धा नाही. संत्रं १०० ग्रामला ४७ च्या आसपास कॅलरी, दोन सोलून खायला वेळ लागतो तोही फायद्याचाच. उन्हाळ्यात टरबूज, ते ३० च्या आसपास. सोबत मूठभर उकडलेले चणे किंवा एक उकडलेलं अंडं, कारण नुसत्या फळावर तासाभरात परत भूक लागू शकते.

भाजी, चणे एकदम वाढवू नका हां, गॅस धरतो, पोट फुगते आणि लोकं वैतागून सगळंच सोडतात. हळूहळू वाढवा आणि पाणी पीत राहा. शुगर किंवा बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगून करा, विशेषतः शुगरवाल्यांनी, खाणं बदललं की गोळीचा डोस बदलावा लागू शकतो. आणि रोजची डोकेदुखी फक्त भुकेचीच आहे असं धरून चालू नका, तपासून घ्या.

सक्करदरा_किचन
पाटोडी रस्सा नाही कशाला म्हणता, जरूर खा. रस्सा उतरवल्यावर दहा मिनिटं हलवू नका, तर्री म्हणजे ते लाल तेल पूर्ण वर येते, ती डावाने अलगद वेगळ्या वाटीत काढून ताटाशेजारी ठेवा, ज्याला पाहिजे त्याने वरून घ्यावी. तुमच्या वाटीत खालचा रस्सा आणि दोन पाटोड्या, सोबत एक ज्वारीची भाकर, आणि काकडी, मुळा, कांद्याची मोठी वाटी आधी संपवायची. सासूबाईंना फक्त एवढं सांगा की तर्री वेगळी काढून ठेवा, रस्सा तुमच्याच हातचा पाहिजे.