मिसाबंद्यांना मानधन दुप्पट, आणि सभेला गेलं तर तीन वर्षं?

पाटावरवंटा:
माझे आजोबा संघाचे. ४ जुलै १९७५ला इंदिरा सरकारनं संघ, जमात-ए-इस्लामी, आनंदमार्ग, नक्षलवादी गट अशा २६ संघटनांवर एका फटक्यात बंदी घातली आणि आजोबांना मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबायच्या कायद्याखाली, उचललं. गुन्हा काय, तर सकाळी शाखेत जायचे. चौदा महिने आत. आजी डिंकाचे लाडू घेऊन भेटीला जायची. दारावरचा शिपाई एकेक लाडू फोडून आत चिठ्ठी आहे का बघायचा. आजोबांपर्यंत पोचायचा तो चुरा. "तुझ्या आजीचा लाडू मी कधी गोल बघितलाच नाही," असं ते शेवटपर्यंत सांगायचे.

जून २०२५मध्ये राज्य सरकारनं आणीबाणीतल्या बंदिवानांचं मानधन दुप्पट केलं. आजीला पत्नी म्हणून पाचाऐवजी दहा हजार. छान. पुढच्याच महिन्यात, १० जुलैला, याच सरकारनं विधानसभेत जनसुरक्षा विधेयक मंजूर करून घेतलं. सरकारनं बेकायदा ठरवलेल्या संघटनेचे सदस्य असाल, तिच्या बैठकीला गेलात, वर्गणी दिलीत, तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड. हीच फूटपट्टी लावली तर १९७५ला आजोबांना धरलं ते योग्यच म्हणायचं ना? मग दहा हजार कशाचे?

गडचिरोलीकर:
तुमच्या आजोबांनी सुरुंग पेरले नव्हते. १ मे २०१९, आमच्या जिल्ह्यातलं जांभूरखेडा, माओवाद्यांचा सुरुंग. शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि गाडीचा चालक गेला. त्याच्या दहा वर्षं आधी लाहेरीला १७ पोलीस. शाखा आणि दलम (माओवाद्यांची सशस्त्र तुकडी) एकाच तराजूत घालता, कमाल आहे. बंदूकवाल्याला शहरातून पैसा, औषध, पोरं पुरवणारी माणसं असतात, ती स्वतः बंदूक धरत नाहीत. त्यांना कशाखाली धरायचं? मुख्यमंत्र्यांनी सभागृहात अशा ६४ संघटनांचा आकडा सांगितलाय.

पाटावरवंटा:
यूएपीएखाली धरा की, बेकायदा कारवाया रोखायचा केंद्राचा कायदा आहेच. माओवादी पक्षावर २००९पासून केंद्राची बंदी आहेच. औषधं पुरवणाऱ्यावर कोर्टात पुरावा ठेवा, माझी ना नाही. प्रश्न फक्त सभासद असण्याचा आहे.

तारीखपेतारीख:
त्याचं उत्तर सुप्रीम कोर्टानं दोनदा दिलंय, दोन्ही वेळा वेगळं. २०११ला अरूप भुयान प्रकरणात म्हटलं, नुसतं सदस्यत्व गुन्हा नाही, हिंसा किंवा चिथावणी हवी. मार्च २०२३मध्ये तीन न्यायमूर्तींनी ते फिरवलं: बंदी घातलेल्या संघटनेत राहिलात हाच गुन्हा. आणि "पुरावा ठेवा" म्हणणं सोपं आहे हो. माओवाद्यांशी संबंधाचा आरोप असलेले दिल्लीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा बघा: २०१४ला अटक, २०१७ला गडचिरोलीच्या कोर्टात जन्मठेप, ५ मार्च २०२४ला नागपूर खंडपीठात निर्दोष. त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. सहआरोपी पांडू नरोटे तर २०२२लाच कैदेत वारला, निर्दोष ठरलेलं त्याला कळलंही नाही.

कोकणीखाक्या:
आता रडारड करणाऱ्या काँग्रेसवाल्यांना एकच विचारतो. १९४८ला संघावर बंदी कुणी घातली? १९७५ला कुणी? २०२०ला याच आजीबाईंचं मानधन कुणी बंद केलं? आघाडी सरकारनंच ना? आणि विधानसभेत हात वर करून उघड विरोध केला तो माकपच्या एकट्या विनोद निकोलेंनी. बाकीच्यांचे हात तेव्हा कुठे होते?

पाटावरवंटा:
कोकणीखाक्या, घरातलंच बोललात. मानधन थांबलं तेव्हा आजीनं महिनाभर त्या सरकारचा उद्धार केला होता. पण काँग्रेसनं केलं म्हणून आम्हीही करू, हे कसलं उत्तर?

गडचिरोलीकर:
मूळ मसुद्यात 'व्यक्ती आणि संघटना' असं होतं. आमदारांच्या संयुक्त समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या, मग 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना' असं बदललं. वर सल्लागार मंडळ, त्यात उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. मिसात यातलं काय होतं?

तारीखपेतारीख:
मिसातही सल्लागार मंडळ होतं, आणीबाणीत गुंडाळून ठेवलं. न्यायाधीशही होते. २८ एप्रिल १९७६ला सुप्रीम कोर्टाच्या पाचांपैकी चौघांनी सांगितलं की आणीबाणीत बंदिवानाला अटकेविरुद्ध कोर्टात दादच मागता येत नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना उलट गेले, आणि त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. शिवाय तुमच्या वाक्यात 'तत्सम' कुणासारखं, हे कोण ठरवणार? सरकार बदललं की शब्द तोच राहील, त्यात बसणारी माणसं बदलतील.

गडचिरोलीकर:
'तत्सम' मलाही खटकतं, खोटं कशाला बोलू. बैठकीत मागे बसलेलं पोर आणि पैसा पोचवणारा, दोघांना सारखीच तीन वर्षं, हेही नको. पण कायदाच नको म्हणणाऱ्यांनी एकदा भामरागडला येऊन राहावं. पोलीस पाटलाला रात्री घरातून ओढून नेल्यावर सकाळी गावात कुणी कुणाशी बोलत नाही, ते बघावं.

पाटावरवंटा:
येतो. खरंच येतो, दिवाळीनंतर. लाडू आणू का?

गडचिरोलीकर:
आणा. आमच्याकडे नाक्यावर डबा उघडून बघतात, आधीच सांगून ठेवतो.