पंपावर 'गण गण गणात बोते' म्हणत पैसे मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

ढेपवाला (कारंजा लाड)

माझी बोलेरो पिकअप आहे. पाच एकर कोरडवाहू वावर, त्यावर भागत नाही म्हणून भाडं मारतो. जास्त करून अकोल्याहून सरकी ढेप भरायची, मूर्तिजापूरवरून कारंजात आणून टाकायची. महिन्यात सात-आठ खेपा होतात, म्हणजे हायवेवरच्या पंपावर तेवढ्या वेळा थांबणं आलंच.

गेल्या महिन्यात मूर्तिजापूरच्या अलीकडे एका पंपावर थांबलो (नाव लिहीत नाही, पंपवाल्याचा त्यात दोष नव्हता). डिझेल टाकून झालं आणि एक माणूस जवळ आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला बुक्का. मागे पांढरी कार, एमएच 20. कारमध्ये बाई आणि मांडीवर लेकरू. हात छातीला लावून म्हणाला, "गण गण गणात बोते, माउली." आता आपल्या भागात कोणी असं म्हटल्यावर माणूस पाठ फिरवतो का? शेगावला दर्शनाला आलो होतो, गर्दीत पाकीट मारलं, मोबाईल पण गेला, संभाजीनगरला घरी पोचायचं आहे, टाकीत पेट्रोल नाही, लेकरू सकाळपासून बिस्किटावर आहे. सोबत घड्याळ काढून देत होता, "हे ठेवून घ्या, पण फुकट नको." मी घड्याळ घेतलं नाही, 700 रुपये दिले. भाड्याचेच होते. त्यानं माझा नंबर कागदावर लिहून घेतला, उद्या टाकतो म्हणाला.

पैसे आले नाहीत. ते मी समजलो होतो. पण सतरा दिवसांनी बडनेऱ्याकडच्या एका पंपावर तोच माणूस! कार तीच, नंबर प्लेट मात्र वेगळी, बाई तीच, शर्ट वेगळा. मी गाडीतून उतरलो तसा तो सरळ माझ्याकडेच आला. मला ओळखलंच नाही लेकाच्यानं. हात छातीला, "गण गण गणात बोते, माउली." यावेळी पाकीट माहूरगडावर मारलं गेलं होतं.

मी काय केलं असेल? काहीच नाही. "चिल्लर नाही" म्हणालो आणि गाडीत बसलो. माझाच चेहरा लाल झाला, त्याचा नाही.

आता खरा प्रश्न. चार वर्षांपूर्वी मी माहूरहून रात्री येत होतो, दिग्रसच्या पुढे डिझेल संपलं. काटा बिघडलेला होता, माझीच चूक. एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्यानं ट्रॅक्टरच्या टाकीत नळी घालून तोंडानं ओढून कॅनभर डिझेल काढून दिलं, लाइनमधली हवा काढायला अर्धा तास मोबाईलचा टॉर्च धरून उभा राहिला आणि एक रुपया घेतला नाही. थुंकत थुंकत फक्त एवढं म्हणाला, "डिझेलची चव जात नाही दोन दिवस." त्या माणसानं माझ्यासारखा विचार केला असता तर मी रात्रभर तिथंच राहिलो असतो. तर खरा अडलेला आणि हे बुक्कावाले, यांच्यात फरक करायचा कसा? शिवाय पंपावर परफ्यूमवाले, "कस्टमचा माल" म्हणून ड्रिल मशीन विकणारे, काच पुसणारी पोरं, यांचं तुम्ही काय करता?

दहाचाकी (खामगाव)

भाऊ, तुमी शेगावचं नाव आयकलं न तिथंच इरघळले. जरा नकाशा पाहा न बाप्पा. शेगाव अकोल्याच्या तिकडं, खामगावच्या बाजूनं. संभाजीनगरले जाणारा माणूस शेगावहून खामगाव, चिखली, जालना असा जाईन. थो उलटा अमरावतीच्या रस्त्यानं मूर्तिजापूरले काय करून राह्यला होता? पेट्रोल नाही म्हणते आन् साठ-सत्तर किलोमीटर उलटा आला!

मी बावीस वर्षं झाले गाडी चालवून राह्यलो. माह्यी एकच पद्धत हाय. कोनी पैसे मागतले का त्याले दोन प्रश्न इचारतो : कोन्या गावचा, आन् कोन्या रस्त्यानं आला. खरा असन तर पटपट सांगते, मधातल्या ढाब्याचं नाव सांगते, खड्डा कुठं लागला थेबी सांगते. खोटा असन तर लेकराकडं बोट दाखवते.

आता पंपावरचे दुसरे नमुने सांगतो. एक पोट्टा येते, "उस्ताद, मागचा टायर बसून राह्यला" म्हनते. तुमी पाहाले जाता, थो म्हनते माह्या दोस्ताचं पंक्चरचं दुकान बाजूलेच हाय. ट्यूबलेस टायरमधी एक पंक्चर असन तर चार दाखवते, तीन त्यानंच टोचलेले राह्यतात. आपल्या डोयासमोर पाण्यात बुडवून बुडबुडे दाखव म्हना, नाही तं हवा भरून पुढं चाला. इंजिनखाली तेल सांडून "लीक हाय" म्हननारे बी असतात. खाली वाकून बोटानं तेल पुसा आन् पाच मिनिटं थांबा. लीक असन तर पुन्हा येईन, सांडलेलं असन तर येत नाही.

आन् सगळ्यात बेकार म्हंजे गिन्नीवाला. "वावरात खोदकाम करताना मटका सापडला, सरकारले सांगतलं तं जप्त होईन" असं कानात म्हनते आन् एक गिन्नी हातावर ठेवते. थे एक गिन्नी खरी राह्यते! सोनाराले दाखवा म्हनते. दाखवली का माणसाच्या डोक्यात भूत शिरते. मंग थैली भरून पितळ घेऊन येतो आन् दोन-तीन लाख देऊन येतो. माह्या वळखीतल्या एका कास्तकारानं बैलजोडी इकून पैसे देल्ले होते. रिपोर्ट द्याले बी लाजला, कारन आपनच चोरीचं सोनं घ्याले गेलतो म्हनून.

नोजल_नऊवर्ष

पंपावर काम करतो, नऊ वर्षं झाली. आमच्या बाजूनं थोडं ऐका.

लोक म्हणतात पंपवाले त्यांना हाकलत का नाहीत. रात्री दोन पोरं असतात ड्युटीवर, हातात रोख असते, मालक म्हणतो भांडण करू नका. हाकलला तर शंभर मीटरवर उभा राहतो. तरी तुम्ही मॅनेजरला गाडीचा नंबर दिला तर उपयोग होतो, कॅमेरे असतात, त्या दिवशीचं रेकॉर्डिंग काढता येतं. पण लोक सांगतच नाहीत. पंधरा दिवसांनी येऊन सांगितलं तर कॅमेऱ्यात तोवर दुसरंच काही असतं. अंगावर येत असेल, गाडीसमोर उभा राहत असेल तर 112. नॅशनल हायवेवर गाडी बंद पडली तर 1033. हा नंबर खऱ्या अडलेल्याला द्या. खोटा असेल तर तो नंबर घेऊनच निघून जातो, गंमत म्हणून करून बघा.

आता आमच्यातल्याच काही लोकांबद्दल. मान खाली घालून लिहितो. तुम्ही 1000 चं डिझेल म्हणता, पोरगा 200 वर थांबवतो, "ऐकायला चूक झाली" म्हणतो. तेवढ्यात दुसरा पोरगा येऊन विचारतो, "काका, कार्ड की रोख?" तुम्ही तिकडे वळता. 200 वरूनच मीटर पुढे चालू होतं, 800 वर थांबतं, तुम्ही 200 अधिक 800 धरून 1000 देता. गाडीत गेलं 800 चं. म्हणून थांबलं की पुन्हा शून्य झालं का ते बघा, आणि त्या वेळी कोणी काहीही विचारलं तरी उत्तर देऊ नका. 100 ऐवजी 110 चं टाका म्हणजे फसवणूक होत नाही, हे जे व्हॉट्सॲपवर फिरतं त्यानं काही होत नाही. मशीन लिटरवर तपासलेली असते.

माप कमी वाटलं तर 5 लिटरचं माप मागा. प्रत्येक पंपावर असतं, त्याच्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. 5 लिटरला 25 मिलीपर्यंत फरक चालतो, त्याच्यावर नाही. मागितलं तर नाही म्हणता येत नाही. 2017 ला ठाणे पोलिसांनी राज्यभर पंप तपासले होते, मशीनमध्ये चिप आणि बदललेले पल्सर (किती लिटर गेलं ते मोजणारा भाग) सापडले होते. तेव्हापासून माप मागणारी गिऱ्हाइकं आली, पण आठ दिवसच. नंतर पुन्हा सगळे मोबाईलमध्ये.

काच पुसणाऱ्या पोराच्या घड्याळानं फास्टॅगचे पैसे कटतात असं दाखवणारा 2022 चा व्हिडिओ खोटा होता. नोंदणी केलेल्या टोल, पार्किंगवाल्यांनाच ते पैसे घेता येतात. पोराला वाटलं तर दहा रुपये द्या, नाही वाटलं तर नका देऊ, पण चोर म्हणून हाकलू नका.

आणि हवा, पिण्याचं पाणी, संडास फुकट आहे. हवेचे पैसे मागितले तर देऊ नका. हवा भरणारा स्वतःहून चहा मागतो ती गोष्ट वेगळी.

विदर्भ_टायगर

एवढं लिहायची गरजच काय. दोन पोट्टे सोबत ठेवा, धरा आणि तिथंच बांधून झोडा. एकदा फटके पडले की अकोला-अमरावती रस्ता साफ.

शाळेतल्या बाई (दर्यापूर)

टायगर, 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला असंच "धरा आणि झोडा" झालं होतं. मुलं पळवणारे समजून पाच जणांना मारून टाकलं. ते भिक्षा मागत फिरणारे, मंगळवेढ्याकडचे लोक होते. माझ्या वर्गात भटक्यांची तीन मुलं आहेत. त्यांचे वडील पंपावर चटया विकतात, आणि रस्त्यानं जाताना आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधतात. का बांधतात ते तुम्हीच समजा.

ढेपवाले दादा, तुम्ही निदान रोख दिली. मला सुशिक्षित माणसानं फसवलं. स्कुटीत पेट्रोल टाकत होते, एकानं विचारलं, "मॅडम, 500 रोख आहेत का? दवाखान्यात रोखच मागतात, मी तुम्हाला यूपीआय करतो." केलं. हिरवी खूण, माझं नाव, टिंग आवाज, सगळं त्याच्या मोबाईलवर दिसलं. माझ्या मोबाईलवर काही आलं नाही. "नेटवर्क नाही मॅडम, येईल." ते हिरवं चित्र बनवणारं ॲपच असतं, हे मला आठवीतल्या मुलानं सांगितलं, आणि सांगताना हसला. तेव्हापासून मी स्वतःच्या खात्यात रक्कम दिसेपर्यंत नोट हातातून सोडत नाही. समोरच्याला घाई असेल तर असो. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही. "पिन टाका म्हणजे पैसे येतील" म्हणाला की स्कुटी चालू करायची. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जितका उशीर तितके ते पुढच्या खात्यांत पांगतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला नीट सापडलेलं नाही. मी एवढंच करते की रोख देत नाही, वस्तू देते. लेकरू उपाशी आहे म्हणाले तर टपरीवरून पोहे घेऊन देते. एका बाईनं प्लेट तशीच कठड्यावर ठेवून दिली होती. दुसरीनं बोटं चाटून खाल्ली. दोघी एकाच कारमधल्या होत्या.

ढेपवाला (कारंजा लाड)

दहाचाकी भाऊ, उलट्या रस्त्याचं वाचून डोक्याला हात लावला. घरी वाचून दाखवलं तर बायको म्हणाली, मी त्याच रात्री हे म्हटलं होतं, तुम्ही जेवत होते. खरं असेल.

टायगर, तुमचं नाही पटलं. तो माणूस समोर असताना मला राग आला होता हे कबूल, पण त्या कारमध्ये ते लेकरू पण होतं.

काल एक झालं ते सांगतो. अकोल्याहून निघालो, पंपावर थांबलो, एक पोट्टा आला. वीस-एकवीसचा, घामानं भिजलेला. "काका, पेट्रोल संपलं, शंभर रुपये द्या, गावी गेल्यावर टाकतो." मी पैशाला हात लावला नाही. गाव विचारलं, म्हणाला माना. कोणत्या रस्त्यानं आला, तर म्हणाला अकोल्याहून, मावशीच्या घरून. बाईंचं आठवलं, म्हटलं, "रोख नाही देत, गाडी आण इथं, टाकून देतो." मनात आलं, आता हा परत येत नाही. ढेपेच्या पोत्यांची दोरी आवळली, पाणी प्यालो, दहा मिनिटं झाली. निघणार तेवढ्यात हायवेच्या कडेनं एक जुनी स्प्लेंडर ढकलत येताना दिसला. एक चप्पल तुटलेली, ती हँडलला अडकवलेली.

शंभरचं टाक म्हणालो पंपावरच्या पोराला. मी त्या चपलेकडेच बघत होतो. तेवढ्यात पोट्ट्यानं माझी बाही ओढली आणि हळूच म्हणाला, "काका, झिरो पाहा."