गूगल शीट्समधलं लेखांचं वेळापत्रक: तारखा उलटसुलट

प्रश्न: दिवाळी फराळावरचे 12 लेख शीटमध्ये मांडलेत. तारखेनुसार सॉर्ट केलं की 05/10 मे महिन्यात जातं आणि 15/10 तळाशी. काय करावं?

उत्तर: शीटचं लोकेल, म्हणजे तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ती सेटिंग, अमेरिकेचं आहे; तिथे महिना आधी येतो. फाइल, मग सेटिंग्ज, तिथे भारत निवडा. जुन्या तारखा मात्र पुन्हा टाइप करा. 05/10 आधीच 10 मे म्हणून साठलंय. 15वा महिना नसल्यानं 15/10 तारीख ठरतच नाही; अशी डावीकडे चिकटलेली तारीख म्हणजे शीटच्या लेखी नुसता मजकूर, म्हणून ती तळाशी जाते.

उत्तर: प्रकाशनाच्या तारखेतून 7 वजा करून मसुद्याची तारीख काढा, म्हणजे लेख पुढे ढकलला की तीही सरकते. आणि चकलीचा लेख वसुबारसेला नको हो! भाजणी दळून आणायला वाचकाला वेळ हवा.

उत्तर: लेख कुठवर आला त्या स्थितीच्या रकान्याला ड्रॉपडाउन, म्हणजे ठरलेल्या पर्यायांतून निवडायची यादी, लावा. ‘झाले’ आणि ‘झालं’ फिल्टर वेगळं धरतो.